हंगामाचा पहिला सामना

चवथीचे मखर माळ्यावर गेले, पावसाचा जोर ओसरला आणि शेतांतील कणसे भरू लागली, की गोमंतकातील काही मंडळींच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास डोकावू लागतो. "पहिला सामना कधी?" एवढाच तो प्रश्न असतो. कोणत्या खेळाचा हे विचारणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि ऐकणाऱ्याला विचारावे लागत नाही. फुटबॉलचा हंगाम जवळ आला आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. शासनाने २०१२ साली फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला. परंतु चहाच्या हॉटेलात, बसथांब्यावर आणि देवळाच्या पायऱ्यांवर विचारला जाणारा हा प्रश्न त्या घोषणेच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. अलीकडच्या काही वर्षांत मात्र या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेनासे झाले आहे. म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

फुटबॉलच्या जुन्या शौकिनांशी बोलताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. अंतिम सामन्यांविषयी विचारले तर ते निकाल सांगतात. त्यातही वर्षांचा घोळ होतो, गोल कोणी केला यावर वाद माजतो आणि अखेरीस कोणाच्या तरी कपाटातील जुनी कात्रणे बाहेर काढावी लागतात. हंगामातील पहिल्या सामन्याचा विषय निघाला, की मात्र निकाल मागे राहतो आणि तो सबंध दिवस पुढे येतो. कोणाबरोबर गेलो, कोणत्या माडाखाली उभे राहिलो, ओल्या मैदानात चेंडू कसा रुतून बसला, नव्या आघाडीवीराला पाहून शेजारचा काय म्हणाला आणि परतताना शेवटची बोट कशी चुकली, हे सारे तपशील वीस-तीस वर्षांनंतरही जसेच्या तसे सांगितले जातात.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. अंतिम सामना दोन संघांचा असतो, पहिला सामना सर्वांचा असतो. त्या दिवशी गुणतक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे शून्यच असते. गतवर्षी तळाला गेलेल्या संघाचा पाठीराखाही त्या दिवशी ताठ मानेने मैदानावर जातो आणि यंदा आमचाच चषक असे छातीठोकपणे सांगतो. त्याला हसणारे असतात, पण खोटे ठरवणारा पुरावा कोणापाशी नसतो. शिवाय पावसाळ्याच्या महिन्यांनंतर माणसे त्या दिवशी पुन्हा एका जागी भेटतात. नेहमीच्या जागी नेहमीचा वृद्ध गृहस्थ दिसला, की बरे वाटते. न दिसल्यास चौकशी होते आणि पुष्कळदा त्या चौकशीतूनच त्याच्या निधनाची वार्ता कळते. गतवर्षी बापाच्या खांद्यावर बसून आलेला मुलगा यंदा आपल्या पायांनी चालत आलेला असतो. जत्रेला गेलेला माणूस देवाबरोबर गावालाही भेटून येतो. फुटबॉलच्या पहिल्या सामन्याचेही तसेच आहे.

या खेळाचा गोमंतकातील आरंभ १८८३ सालचा मानला जातो. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीत मुलांना फुटबॉलची ओळख करून दिली, असे येथील फुटबॉलचा इतिहास सांगतो. शाळा आणि चर्च यांच्या आवारात रुजलेला हा खेळ तेथून गावोगावच्या शेतांत उतरला. खेळासाठी वेगळे मैदान राखण्याची ऐपत गावाला नव्हती आणि तशी गरजही नव्हती. भात कापून झाले, खळ्यावर मळणी आटोपली, की रिकामे शेत हेच मैदान होई. बांबू रोवून गोलपोस्ट उभे राहत, बांधावर प्रेक्षक बसत आणि मेरेवर बसायला जागा मिळाली नाही तर पोरे माडावर नाही तर आंब्यावर चढत. हंगाम केव्हा सुरू व्हावा हे ठरवण्याचा अधिकार त्या काळी कोणत्याही समितीकडे नव्हता. तो पावसाकडे आणि विळ्याकडे होता. वायंगणाची शेती असलेल्या गावात खेळ एका वेळी सुरू होई आणि नसलेल्या गावात दुसऱ्या वेळी. पण गावातील प्रत्येकाला आपला पहिला सामना साधारण कधी येणार, हे शेताकडे पाहूनच कळत असे.

फुटबॉल हा आपल्या ख्रिस्ती बांधवांचा खेळ, अशी एक समजूत आपल्यापैकी काहींच्या घरांत दीर्घकाळ होती. आरंभीच्या काळापुरती ती अगदी निराधार नसेल. परंतु शेताच्या बांधावर ती फार काळ टिकली नाही. फेस्ताच्या निमित्ताने भरणाऱ्या सामन्यांना हिंदू घरांतील मुले जात, तेथे गडी कमी पडला, की त्यांना आत ओढले जाई, आणि चवथीच्या दिवसांत तेच ख्रिस्ती सवंगडी नेवऱ्या खाण्यासाठी आमच्या ओसरीवर येत. पुढे ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताच्या संघाचे गोलरक्षक आणि कर्णधार झाले. त्यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नंतरच्या पिढीत महेश गवळी, समीर नाईक यांच्यासारखे बचावपटू ब्रूनो कुतिन्हो, क्लायमॅक्स लॉरेन्स यांच्याइतकेच सर्वांचे झाले. गोलरक्षकाने झेप घेऊन चेंडू अडवला, की त्याचे आडनाव विचारून टाळी वाजवणारा प्रेक्षक आम्ही तरी गोव्याच्या मैदानावर पाहिलेला नाही.

गावच्या शेतातून हा खेळ शहराच्या मैदानावर आला तो क्लबांमुळे. वास्को क्लबाची स्थापना १९५१ सालची, साळगावकरांच्या क्लबाची १९५६ सालची. गोव्याची फुटबॉल संघटना १९५९ साली, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतच उभी राहिली होती. मुक्तीनंतर खाण उद्योगाचा व्याप वाढला आणि त्याबरोबर साळगावकर, धेंपो, सेझा या नावांचे संघ घराघरांत पोहोचले. कंपनीने खेळाडूला नोकरी द्यावी, त्याने सकाळ-संध्याकाळ सराव करावा, आणि सामन्याच्या दिवशी त्याच कंपनीच्या कामगारांनी त्याच्या नावाने घसा कोरडा करावा, अशी ती व्यवस्था होती. खनिजाच्या पैशाने गोव्याच्या डोंगरांचे काय झाले, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे आणि त्याबद्दलची आमची मते आम्ही बदललेली नाहीत. परंतु त्या पैशाचा काही भाग फुटबॉलच्या मैदानात मुरला आणि त्यातून दोन पिढ्यांना पोटापाण्याचा आधार मिळाला, ही गोष्टही न्यायाने नोंदली पाहिजे.

त्या काळातील पहिल्या सामन्याच्या आठवणी ऐकाव्यात तर पणजीच्या पोलीस मैदानावर किंवा वास्कोच्या टिळक मैदानावर उभे राहिलेल्यांकडूनच. जुवारीवर पूल होण्यापूर्वी सासष्टीतून पणजीला सामन्यासाठी यायचे म्हणजे कुठ्ठाळी-आगशीची फेरीबोट गाठावी लागे. दुपारच्या जेवणावरून उठून निघालेला माणूस बोटीच्या रांगेत उभा राही आणि पलीकडच्या तीरावर उतरताच मिळेल त्या वाहनाने मैदान गाठी. परतीचा हिशेब तर त्याहून कठीण असे. बोट साधायची तर शेवटची पाच मिनिटे सोडावी लागत, आणि नेमक्या त्याच पाच मिनिटांत गोल झाल्याची हकिगत सांगणारे लोक आजही भेटतात. १९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा बारदेशातील शौकिनांवर तीच वेळ पुन्हा आली आणि बेतीच्या धक्क्यावर सामन्याच्या दिवशी पूर्वीचीच गर्दी दिसू लागली.

मैदानावर बसण्याची सोय बेताचीच होती. दोराच्या पलीकडे उभे राहावे, पुढच्याच्या खांद्यावरून पाहावे, कागदाच्या पुडीतले चणे किंवा शेंगदाणे चघळावेत, मध्यंतरात गाड्यावर रस-ऑम्लेट खावे आणि मैदानावर न आलेल्यांच्या वतीने प्रत्येक खेळाडूचा निवाडा करावा, असा तो दिनक्रम असे. हंगामाच्या पहिल्या दिवशी या न्यायालयाला विशेष काम असे. कोण कोणत्या क्लबातून कोणत्या क्लबात गेला, हे वाचून ठाऊक असले तरी कालपर्यंत आपला असलेला खेळाडू दुसऱ्याच रंगाचा सदरा घालून मैदानात धावत येताना प्रथम दिसे तो याच दिवशी. त्याच्यावर टोमण्यांचा वर्षाव होई. पण त्याने चेंडू पायांत घेऊन दोघा-तिघांना चकवले, की टोमणे मारणारेच हळूच मान डोलवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रातील वृत्तान्त मोठ्याने वाचला जाई आणि बातमीदाराला खेळातले काही कळत नाही, यावर हॉटेलातील सर्वांचे एकमत होई. हा आरोप आम्ही अनेक वर्षे आनंदाने सोसला आहे.

या तयारीचे फळ देशानेही पाहिले. १९८३ साली कलकत्त्यात गोव्याने बंगालबरोबर संतोष करंडक संयुक्तपणे मिळवला आणि पुढच्याच वर्षी मद्रासला तो एकट्याने जिंकला. जानेवारी १९८९ मध्ये फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम नेहरू चषक स्पर्धेसाठी खुले झाले आणि शेताच्या बांधावर बसणाऱ्या गोमंतकीय प्रेक्षकाला प्रथमच सिमेंटच्या पायऱ्या मिळाल्या. राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली, ती १९९८-९९ च्या हंगामात साळगावकरांनी जिंकली. २००४ च्या डिसेंबरात धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात कोसळला आणि मरण पावला. त्या दुःखातून उठून संघाने त्याच हंगामात पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली आणि त्याचा दहा क्रमांकाचा सदरा पुन्हा कोणाला दिला नाही. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तिघांतच ते फिरत राहिले. एवढ्याशा प्रदेशाने एवढ्या मोठ्या देशात असा दबदबा राखल्याचे उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही.

या सात वर्षांतील एक पहिला सामना मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २४ नोव्हेंबर २००७ रोजी नव्या आय-लीगचा शुभारंभ झाला तो धेंपो आणि साळगावकर यांच्या लढतीने. म्हणजे देशाच्या नव्या लीगचा पहिला सामना दोन गोमंतकीय संघांमध्ये होता. धेंपोच्या चिडी एडे याने सुरुवातीच्या मिनिटांतच लीगमधील पहिला गोल केला आणि धेंपोने तो सामना तीन गोलांनी जिंकला. हंगामाच्या अखेरीस धेंपो विजेता ठरला आणि साळगावकर खालच्या श्रेणीत ढकलला गेला. पहिल्या दिवशीच पुढचे सारे दिसले होते, असे धेंपोचे पाठीराखे त्या वर्षी सांगत. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. तोच साळगावकर संघ परत वर आला आणि २०१०-११ मध्ये देशाचा विजेता झाला. २००७ च्या त्या संध्याकाळी मान खाली घालून घरी गेलेला पाठीराखा पुढच्या प्रत्येक पहिल्या सामन्याला पुन्हा आला म्हणूनच चषक घरी येताना पाहण्याचे भाग्य त्याला लाभले. पराभवानंतरही परत येणारा प्रेक्षक हे गोव्याच्या फुटबॉलचे खरे भांडवल आहे. ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

२०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि एफसी गोवा हा संघ जन्मास आला. धेंपो आणि साळगावकर या घराण्यांतील मंडळी या नव्या संघाच्या मालकीत एकत्र आली, तेव्हा जुन्या पाठीराख्यांना मोठे नवल वाटले. ज्यांच्यासाठी आपण एकमेकांशी आयुष्यभर भांडलो ते तर एका पंगतीला बसले, असे विनोदाने म्हटले जाई. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी फातोर्ड्यावर या संघाचा पहिला सामना चेन्नईयिनशी झाला. ब्राझीलचा थोर खेळाडू झिको प्रशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभा होता. चेन्नईयिनने दोन गोल केले, ग्रेगरी आर्नोलिनने एक फेडला, आणि गोवा पहिलाच सामना हरला. पण वेगवेगळ्या क्लबांचे कट्टर पाठीराखे त्या रात्री प्रथमच एकाच रंगात शेजारी शेजारी बसले होते आणि 'फोर्सा गोवा' ही आरोळी सर्वांच्या कंठातून उठू लागली होती. त्या हंगामात संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पहिल्या दिवशीचा पराभव आज कोणालाही सलत नाही. आठवण सांगताना ती रात्र मात्र सगळे सांगतात.

नव्याचे स्वागत करताना जुन्याचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग, आणि त्यांच्या मागोमाग धेंपो, हे क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. नव्या रचनेत सुपर लीगला अग्रस्थान आणि आपणांस दुय्यम स्थान मिळणार, हे त्यांस मान्य नव्हते. देशाचे विजेतेपद जिंकलेले दोन संघ त्यानंतर राज्याच्या लीगपुरते उरले. धेंपो २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला, ही समाधानाची गोष्ट आहे; पण मधली आठ वर्षे कोणी भरून देणार नाही. या काळात गोव्याच्या स्वतःच्या लीगचा पहिला सामना म्हापशाच्या धुळेर मैदानावर किंवा वास्कोला होई, तेव्हा पुष्कळदा पायऱ्या रिकाम्या दिसत. येथे दोष दुसऱ्याच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. रात्री उशिरापर्यंत जागून इंग्लंडमधील सामने पाहणारा गोमंतकीय आपल्या तालुक्यातील मैदानावर संध्याकाळी चार वाजता गेला नाही. आम्ही वृत्तपत्रांनीही स्थानिक लीगच्या सलामीला कधीकाळी जी जागा दिली ती पुढे परदेशी संघांच्या छायाचित्रांना दिली. ज्या दिवसाचे महत्त्व आपणच कमी केले त्याचे महत्त्व दुसऱ्याने राखावे, ही अपेक्षा योग्य नव्हे.

प्रेक्षकांशिवाय पहिला सामना म्हणजे काय, हे आपण २०२० साली पाहिले. महामारीमुळे त्या वर्षीची संपूर्ण सुपर लीग गोव्यातच फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथे बंद दरवाजांआड खेळवली गेली. २० नोव्हेंबरला बांबोळीला केरळ आणि मोहन बागान यांच्यात सलामीचा सामना झाला. देशाच्या फुटबॉलचा हंगाम आमच्या दारात सुरू होत होता आणि आम्हांला दार उघडण्याची परवानगी नव्हती. ते आवश्यकच होते आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. दोन दिवसांनी फातोर्ड्यावर एफसी गोवाने बंगळूरविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढली. इगोर अंगुलोने थोड्याच मिनिटांच्या अंतराने दोन गोल करून सामना बरोबरीत सोडवला. एरव्ही अशा गोलांनी फातोर्डा हादरले असते. त्या रात्री खेळाडूंच्या हाका आणि पंचांची शिट्टी तेवढी ऐकू आली. स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनीही तो सामना दूरदर्शन संचावरच पाहिला. त्या हंगामातील उत्तम खेळ अनेकांच्या स्मरणात नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. आठवण ठेवण्यास त्या जागी माणूस असावा लागतो.

महामारी ही दैवी आपत्ती होती, असे म्हणून तिला क्षमा करता येईल. २०२५ साली जे घडले ते मानवी होते. सुपर लीग चालवणारी व्यापारी संस्था आणि राष्ट्रीय फुटबॉल महासंघ यांच्यात २०१० साली झालेला पंधरा वर्षांचा करार त्या वर्षीच्या डिसेंबरात संपत होता. नवा करार ठरेना, म्हणून जुलैमध्येच हंगाम स्थगित असल्याचे कळवण्यात आले. गणपती आले आणि गेले, भात कापून झाले, दिवाळीचे आकाशकंदील उतरले, नाताळचे तारे लागले, तरी सुपर लीगचा पहिला सामना झाला नाही. मौज अशी, की एफसी गोवाने १३ ऑगस्ट रोजी फातोर्ड्यावर ओमानच्या अल सीब संघाला दोन विरुद्ध एक असे हरवून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवला होता. खंडाच्या स्पर्धेत आपला पहिला सामना कधी हे त्या संघाच्या पाठीराख्यांना ठाऊक होते. स्वतःच्या देशातील लीगचा पहिला सामना कधी, हे मात्र कोणीच सांगू शकत नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी निरक्षर शेतकऱ्याला शेताकडे पाहून देता येत असे त्याचे उत्तर वकिलांच्या आणि हिशेबनिसांच्या टेबलावर अडकून पडले.

यावर असे म्हटले जाईल, की आजचा फुटबॉल हा मोठ्या भांडवलाचा व्यवसाय आहे. दूरचित्रवाणीच्या पैशाविना क्लब चालत नाहीत आणि करारांविना तो पैसा येत नाही. मग बांधावरच्या आठवणी काढून काय साधणार? हा आक्षेप आम्ही गैरलागू मानत नाही. खाण कंपन्यांच्या काळातही क्लब पैशावरच चालत होते आणि त्या पैशाचा ओघ आटल्यावर काय होते, हेही आपण पाहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे, की भांडवल घालणाऱ्याने हिशेब मांडताना प्रेक्षकाला गिऱ्हाईक समजून शेवटच्या रकान्यात टाकू नये. गिऱ्हाईक वाईट माल मिळाला तर दुसऱ्या दुकानात जाते. पाठीराखा हरलेल्या संघाच्या पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला परत येतो. असा माणूस ज्या धंद्याला लाभला आहे त्या धंद्याने त्याला निदान तारीख तरी वेळेवर सांगावी.

या दृष्टीने काही सूचना कराव्याशा वाटतात. राष्ट्रीय लीगच्या पहिल्या सामन्याची तारीख पावसाळा सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावी आणि करारांच्या वाटाघाटींमुळे ती बदलली जाऊ नये. गोव्याच्या लीगची सलामी हा राज्याच्या क्रीडाजीवनातील एक मानाचा दिवस समजून तो साजरा व्हावा. एका वर्षी म्हापसा, दुसऱ्या वर्षी वास्को, तिसऱ्या वर्षी फातोर्डा किंवा पणजी, आणि अंतर्भागातील सोयीची मैदाने तयार होतील तसे फोंड्यासारख्या ठिकाणीही तो सामना नेला जावा. सामन्याची वेळ कामावरून सुटणाऱ्या माणसाला गाठता येईल अशी असावी आणि परतीच्या बसची व्यवस्था असावी; शेवटची बोट चुकण्याच्या आठवणी ऐकायला गोड असल्या तरी नव्या पिढीला त्या पुन्हा अनुभवायला लावण्याचे कारण नाही. मुलांना त्या दिवशी विनामूल्य प्रवेश मिळावा. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, गावागावांतील जी शेते आणि मोकळ्या जागा पिढ्यान् पिढ्या खेळाच्या कामी आल्या त्या भराव घालून इमारतींखाली जाऊ नयेत, याची काळजी पंचायतींनी आणि शासनाने घ्यावी. फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर सुमारे १९,००० माणसे बसू शकतात. पण तेथे खेळणारी पोरे गावच्या शेतातूनच येतात. ते शेत गेले तर पुढे पहिला सामना खेळणार तरी कोण?

काही भार आपणही उचलला पाहिजे. आपल्या तालुक्यातील संघाचा पहिला सामना कोणत्या दिवशी आहे, हे यंदा प्रत्येक शौकिनाने शोधून काढावे आणि त्या संध्याकाळी घरातील एका लहान मुलाला बरोबर घेऊन मैदानावर जावे. सामना कदाचित सामान्य होईल, आपला संघ कदाचित हरेल. मूल निकाल विसरून जाईल. पण गर्दीत आपला हात कोणी धरला होता, हे त्याच्या ध्यानात राहील. आज साठीत असलेले शौकीन ज्या आठवणी सांगतात त्या अशाच रीतीने त्यांच्यापाशी आल्या आहेत. आम्हीही या पानावर त्या सामन्याला पूर्वीची जागा देण्याचा प्रयत्न करू. आमच्या बातमीदाराला खेळातले काही कळत नाही, असे दुसऱ्या दिवशी हॉटेलात पुन्हा एकदा म्हटले गेले, तर आम्हांस त्याचा रागही येणार नाही.